अनित्य शब्दाचा जामीन

शब्द नित्य की अनित्य, हा भारतीय दर्शनांतील एक अतिप्राचीन आणि तितकाच चिवट वाद आहे. जैमिनीच्या सूत्रांपासून कुमारिलभट्टाच्या श्लोकवार्तिकापर्यंत मीमांसकांनी शब्दाच्या नित्यत्वाची तटबंदी ज्या निष्ठेने उभारली, त्याच निष्ठेने गौतमाच्या न्यायसूत्रांपासून जयंतभट्टाच्या न्यायमंजरीपर्यंत नैयायिकांनी तिला सुरुंग लावले. आणि वेदप्रामाण्याचा प्रश्न ज्याच्या लेखी केव्हाच निकालात निघाला आहे, असा आजचा सुशिक्षित मनुष्य ही सारी झटापट पंडितांच्या फुरसतीचा उद्योग समजून पुढे जातो. परंतु विसाव्या शतकात असा एक व्यवसाय उदयास आला, की ज्यातील माणसांपुरता तरी हा वाद पोथीबाहेर पडून थेट पोटापाण्याच्या प्रश्नाशी येऊन भिडला. नभोवाणीवरून भाषा, संस्कृती आणि साहित्य यांविषयी बोलण्यात ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्यांची सारी कमाई ध्वनीच्या रूपाची आहे. तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर अशा माणसाच्या पदरी काय उरले, असे विचारू गेल्यास उत्तरासाठी मीमांसकांच्या शब्दनित्यताधिकरणाचे दार ठोठावल्यावाचून गत्यंतर नाही.

या व्यवसायाची रीत बाहेरच्या माणसाला फारशी ठाऊक नसते. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, नागपूरचे १९४८ साली आणि पुण्याचे १९५३ साली. आणि पन्नाशीच्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, बा. भ. बोरकर, पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखक नभोवाणीच्या चाकरीत दाखल झाले. त्यांची नावे आज आपल्या तोंडी आहेत ती त्यांच्या ग्रंथांमुळे. केंद्रावर त्यांनी बजावलेल्या दैनंदिन कामाचा माग त्या ग्रंथांत क्वचितच लागतो. आणि ज्यांच्या नावावर एकही ग्रंथ नाही, अशा त्यांच्या सहकाऱ्यांचे तर नावही मागे राहिलेले नाही. नवे पुस्तक आले की त्याच्या कर्त्याला गाठायचे, संमेलनाच्या मांडवात ध्वनिमुद्रणयंत्र खांद्याला लावून हिंडायचे, आडगावच्या एखाद्या वृद्धेला बोलती करून तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या मिळवायच्या, एखाद्या विद्वानाच्या तासाभराच्या प्रतिपादनातून दहा-बारा मिनिटांचा ऐवज त्याच्या म्हणण्याला धक्का न लावता निवडायचा, संहिता वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यायची, आणि ठरल्या क्षणी कक्षातला तांबडा दिवा लागला की घाईचा लवलेशही न दाखवता बोलू लागायचे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. दिवा मालवला की काम संपते आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला हाती काहीही नसते. चुंबकीय फिती महाग असत, म्हणून एका कार्यक्रमाची फीत पुसून तिच्यावर दुसरा भरण्याचा रिवाज सर्रास होता. कागदावरची संहिता दप्तरी जाई आणि तिची मुदत सरली की तिचीही रवानगी रद्दीत होई.

या नश्वरतेचे सर्वांत ठसठशीत उदाहरण लंडनचे आहे, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, ऑगस्ट १९४१ पासून नोव्हेंबर १९४३ पर्यंत, जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्वविभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करीत होता. युद्धवार्तांवरची साप्ताहिक समालोचने त्याने लिहिली, पुढे त्यांतील कित्येक स्वतः वाचली, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी साहित्यावरची व्याख्याने योजली, आणि १९४२ च्या ऑगस्टपासून ‘व्हॉइस’ नावाचे कवितेचे एक नियतकालिक चालवले, जे छापखान्यात कधी गेलेच नाही, केवळ ध्वनिक्षेपकासमोर वाचले गेले. या उपक्रमाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात टी. एस. एलियट, विल्यम एम्प्सन, जमैकाच्या कवयित्री ऊना मार्सन, मुल्कराज आनंद आणि पुढे आकाशवाणीचे महासंचालक झालेले नारायण मेनन यांच्यासमवेत वेणू चितळे याही आहेत. त्याच विभागात काम करणाऱ्या या मराठी विदुषींनी पुढे १९५० साली ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. एवढ्या मातब्बर मंडळींनी आठवड्यामागून आठवडे चालवलेला हा खटाटोप. पण ऑर्वेलचा आवाज कसा होता, हे आज कोणालाही ऐकता येत नाही, कारण त्याच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. संहिता तेवढ्या दप्तरात राहिल्या आणि १९८५ साली ग्रंथरूपाने बाहेर आल्या. त्याने स्वतः तर राजीनामा देताना, ज्यातून काहीही निष्पन्न होत नाही अशा कामात आपला वेळ आणि जनतेचा पैसा आपण वाया घालवीत आहोत, अशी स्पष्ट कबुली दिली होती.

नैयायिकाला यात आश्चर्य वाटले नसते. त्याच्या मते शब्द हा आकाश या द्रव्याचा गुण आहे. तो प्रयत्नाने उत्पन्न होतो, क्षणभर टिकतो आणि तिसऱ्या क्षणी नाश पावतो. मुखातून निघालेला शब्द श्रोत्याच्या कानापर्यंत स्वतः चालत जात नाही. पाण्यावर एका तरंगाने दुसरा तरंग उठवावा, तसा एक शब्द दुसऱ्या शब्दाला जन्म देऊन लय पावतो, आणि या मालिकेतील अखेरचा शब्द तेवढा कानावर येतो. कोणी याला वीचितरंगन्याय म्हणतात, तर हा विस्तार एका दिशेने न होता एकाच वेळी सर्व दिशांना होतो असे मानणारे कदंबाच्या फुलाचा दृष्टान्त देतात. दोन्ही पक्षांचे तात्पर्य एकच, की वक्त्याने उच्चारलेला शब्द आणि श्रोत्याने ऐकलेला शब्द हे संख्येने भिन्न आहेत. मुखोच्चारित शब्दाविषयी हे म्हणणे कोणाला अतिसूक्ष्म तर्काचे वाटेल. परंतु नभोवाणीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. निवेदकाचा ध्वनी ध्वनिक्षेपकाच्या पडद्याशीच संपतो. तेथून पुढे त्याचे विद्युत्स्पंदन होते, त्या स्पंदनाचा भार वाहणारी लहर अंतराळातून जाते, आणि कोल्हापूरच्या किंवा वर्ध्याच्या एखाद्या माजघरातील यंत्र सर्वस्वी नवा ध्वनी उत्पन्न करते. ज्याला आपण निवेदकाचा आवाज म्हणतो, तो त्याच्या आवाजाच्या कितव्या तरी पिढीचा वंशज असतो. नैयायिकाच्या आकाशाचा भौतिकशास्त्रज्ञाच्या अंतराळाशी संबंध जोडण्याचा मोह येथे टाळलेलाच बरा. इतके मात्र कबूल केले पाहिजे, की ध्वनीच्या क्षणभंगुरतेविषयी आपल्या या तार्किकांनी जे प्रतिपादन केले, त्याची रुजवात घालण्यास नभोवाणीइतका साक्षीदार शोधून मिळाला नसता.

मीमांसक मात्र इतक्यावर शस्त्र खाली ठेवणारा नव्हे. कोल्हापूरच्या आणि वर्ध्याच्या श्रोत्यांनी जर दोन निरनिराळे शब्द ऐकले असतील, तर काल रात्री ऐकलेल्या एकाच भाषणाविषयी ते दोघे आज वाद कसा घालू शकतात, असा त्याचा सवाल आहे. जो ‘ग’ मी काल ऐकला तोच हा, ही ओळख, म्हणजे प्रत्यभिज्ञा, त्याच्या हातातले मुख्य आयुध होय. उच्चाराने शब्द निर्माण होत नाही, आधीच असलेला शब्द केवळ व्यक्त होतो. नाश होतो तो व्यंजक ध्वनीचा. यावर, ती ओळख सारखेपणाची आहे, एकत्वाची नाही, अखंड भासणारी दिव्याची ज्योतही क्षणोक्षणी वेगळीच असते, असे नैयायिक उत्तर देतो, आणि वाद पुढच्या पानावर जातो.

ध्वनिमुद्रणाच्या शोधाने हा निकाल मीमांसकाच्या बाजूने लागला, असे प्रथमदर्शनी वाटेल. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली छप्पन्न गीते पुढे वर्षभर आठवड्यामागून आठवड्याने लोकांच्या कानी पडत राहिली. ती जतन झाली, पुन्हा पुन्हा ऐकली गेली, आणि त्या वेळी जन्मालाही न आलेल्या माणसांना आज ती मुखोद्गत आहेत. मग शब्द टिकला, असे का म्हणू नये? माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. फितीवर टिकतो तो ध्वनी पुन्हा उत्पन्न करण्याचा उपाय. त्या उपायाने पन्नास वर्षांनी निर्माण झालेला ध्वनी पुन्हा तितकाच क्षणिक असतो. आणि ज्या आठवड्यात पुढचे गीत अजून लिहून व्हायचे होते, श्रोता आणि कर्ता दोघेही पुढच्या प्रसंगाची वाट पाहत होते, त्या आठवड्यातील श्रवण कोणत्याही फितीवर उतरलेले नाही. शिवाय ‘गीतरामायण’ हा अपवाद होय. त्याच्या आगेमागे त्याच केंद्रावरून जी पुस्तक-परीक्षणे, ज्या मुलाखती आणि जी भाषणे प्रसारित झाली असतील, ती काव्याच्या आणि संगीताच्या आधाराविना बोललेली होती, आणि बोललेल्याची जी सर्वसाधारण गती असते तीच त्यांना मिळाली. ज्या सिद्धान्ताला केवळ गाजलेल्या कृतींचा दाखला पुरतो, तो सिद्धान्त सामान्य शब्दाचे तत्त्वज्ञान म्हणून आपल्या कामाचा नाही.

या दोघांच्या मध्ये भर्तृहरी उभा आहे. वाक्यपदीयात तो ध्वनी आणि स्फोट असा भेद करतो. एकामागून एक कानी पडणारे ध्वनी नाश पावतात खरे, पण नाश पावताना प्रत्येक ध्वनी श्रोत्याच्या बुद्धीवर काही संस्कार करून जातो, आणि अखेरच्या ध्वनीसरशी ती परिपक्व झालेली बुद्धी संपूर्ण शब्दाचे एकदम ग्रहण करते. शब्दाची सिद्धी अशा रीतीने वक्त्याच्या मुखात न होता श्रोत्याच्या बुद्धीत होते, हा विचार नभोवाणीच्या माणसाने मनात कोरून ठेवण्यासारखा आहे. वाचक मागले पान उलटू शकतो, अडलेल्या शब्दापाशी थांबू शकतो, कोश काढू शकतो. श्रोत्याला यांतली एकही सवलत नाही. त्याच्या बुद्धीत आधीच्या ध्वनीचा संस्कार पुरता उमटण्यापूर्वीच पुढचा ध्वनी येऊन आदळला, तर वाक्य बोलले गेले असले तरी अस्तित्वात आलेच नाही, असे समजावे. ऑर्वेलनेही ‘पोएट्री अँड द मायक्रोफोन’ या निबंधात, श्रोते लाखो असले तरी त्यांतला प्रत्येक जण एकेकटाच, फार तर चार माणसांच्या घोळक्यात ऐकत असतो, म्हणून बोलणाऱ्याने एकालाच उद्देशून बोलावे, असे सुचवले आहे. दोघांच्या विचारांत दीड हजार वर्षांचे अंतर आहे आणि एकाला दुसऱ्याची वार्ताही नसावी. परंतु क्षणिक ध्वनीच्या भरवशावर अर्थ पोहोचवायचा म्हणजे श्रोत्याच्या बुद्धीचा मुलाहिजा राखला पाहिजे, या ठिकाणी ते दोघे एकत्र येतात.

तथापि, या वादाचे खरे मर्म शब्द किती काळ टिकतो यात नसून, त्याच्या खरेपणाबद्दल कोणाला जबाबदार धरायचे यात आहे, असे मला वाटते. मीमांसकाला नित्यत्व हवे होते ते अपौरुषेयत्वासाठी. दोष येतो तो वक्त्याच्या अज्ञानामुळे किंवा लबाडीमुळे. वेदाला वक्ताच नाही, म्हणून त्याला दोषही नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. नैयायिकाने शब्द अनित्य ठरवला, म्हणजे तो कोणीतरी उच्चारलेला ठरवला, आणि त्याबरोबर प्रामाण्याचा सारा भार त्या उच्चारणाऱ्याच्या शिरावर आला. म्हणून न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची व्याख्या आप्ताच्या आधाराने केली आहे, आणि आप्त कोण याचा खुलासा करताना भाष्यकार वात्स्यायनाने तीन लक्षणे सांगितली आहेत: ज्याविषयी बोलायचे त्याचे साक्षात ज्ञान, ऐकणाऱ्या जीवांविषयी करुणा, आणि गोष्ट जशी असेल तशीच सांगण्याची इच्छा. ही लक्षणे ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू आहेत, हे सांगण्यासही तो चुकला नाही. वेदाचे प्रामाण्यदेखील नैयायिक अशाच आप्तावर सोपवतो. आयुर्वेदाचा उपदेश अनुभवाला उतरतो म्हणून जसा विश्वासार्ह, तसाच तोही, असे त्याचे म्हणणे. याचा अर्थ व्यवहाराच्या भाषेत सांगायचा तर असा, की नित्य शब्दाला कोणाच्या हमीची गरज नसते, परंतु अनित्य शब्दाला जामीन लागतो. जी वस्तू तारण म्हणून ठेवता येत नाही, जिची झडती घेता येत नाही, जी हाती येताच नाहीशी होते, तिचा व्यवहार माणसाच्या इमानावरच चालायचा. नभोवाणीवरून भाषा-साहित्याची वार्ता देणारा मनुष्य हा असा जामीन आहे: न वाचलेल्या पुस्तकाबद्दल श्रोता त्याच्या शब्दावर विसंबतो, हयात नसलेल्या कवीची कविता त्याच्या उच्चारात ऐकतो, आणि दूरच्या एखाद्या बोलीविषयीचे त्याचे मत या एका माणसाच्या हवाल्यावर बनते.

ही कसोटी अवघड प्रसंगी कशी लागते, हे १९४२ च्या ऑगस्टने दाखवले. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले, आणि त्याच महिन्यात लंडनहून हिंदी विद्यार्थ्यांसाठी ‘व्हॉइस’चा पहिला अंक वाचला गेला. त्या अंकामागची माणसे जाणकार होती आणि साहित्यावरचे त्यांचे प्रेम अकृत्रिम होते; परंतु संहिता दोन-दोन अभ्यवेक्षकांच्या हाताखालून जात होती, आणि मंजूर मजकुराबाहेर कोणी एक वाक्य बोलताच प्रक्षेपण तोडण्यासाठी कळीवर हात ठेवून एक माणूस बसलेला असे. जसे असेल तसे सांगण्याची इच्छा असली, तरी तिच्यावर सरकारी हुकमाची मर्यादा होती. याच दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे तरुण सहकारी काँग्रेसचे गुप्त नभोवाणीकेंद्र चालवीत होते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा वरचेवर बदलाव्या लागत. वर्तमानपत्रांत येऊ न शकलेल्या चिमूर-आष्टीच्या हकिकतींसारख्या वार्ता या केंद्रावरून सांगितल्या गेल्या. आणि १२ नोव्हेंबरला धाड पडून उषाबाई पकडल्या गेल्या, त्या १९४६ पर्यंत कारावासात राहिल्या. एका बाजूला श्रेष्ठ कवी आणि उत्तम यंत्रसामग्री, दुसऱ्या बाजूला जोडजाड केलेले प्रक्षेपक आणि काही आठवड्यांचे आयुष्य. पण आपल्या शब्दाबद्दल तुरुंगात जाण्याची तयारी हा जामीनकीचा याहून सबळ पुरावा कोणता? म्हणून ऑर्वेलचा दर्जा उणा ठरत नाही. आपली हमी पोकळ होत चालली आहे असे दिसताच त्याने ती रीतसर काढून घेतली, हीदेखील एक प्रकारची प्रामाणिक जामीनकीच होय. दोषास पात्र होतो तो, आपली हमी पोकळ झाली आहे हे ठाऊक असूनही जो त्याच गोड आवाजात बोलत राहतो. आणि आपल्या देशातही, १९७५ च्या जूनमध्ये पुकारलेल्या आणीबाणीत, सरकारी ताब्यातील नभोवाणीवर बोलणाऱ्या सर्वांनाच हा प्रश्न स्वतःला विचारावा लागला असेल.

साहित्याच्या क्षेत्रात इतका निकराचा प्रसंग क्वचित येतो. तेथे इमानाची परीक्षा दररोजच्या लहानसहान निवडींत होते, आणि या बाबतीत मराठीला आपल्या परंपरेतच एक उत्तम आदर्श सापडतो. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलले आणि निघून गेले. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी स्वामींचे बोलणे ऐकले होते त्यांना गाठून, गावोगाव हिंडून, एकेक प्रसंग विचारून घेतला आणि त्यातून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. एकाच लीळेविषयी दोघांची आठवण भिन्न असली, तर कोणाचे म्हणणे काय हे त्यांनी नावानिशी नोंदवून ठेवले. दोहोंची मखलाशी करून एक गोळीबंद हकिकत बनवली नाही. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरपली आणि पाठ पुन्हा स्मरणातून बांधावे लागले, म्हणजे लेखनालाही शेवटी कोणाच्या तरी कानाने आणि कंठानेच तारले. चक्रधरांच्या पंथाने भाषेविषयी घेतलेला निर्णयही लक्षात ठेवण्यासारखा आहे: नागदेवाचार्यांनी संस्कृतकडे ओढ असलेल्या केशिराजांना त्यापासून परावृत्त केले, ते पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील म्हणून. वात्स्यायनाने आप्ताच्या लक्षणांत करुणेचा समावेश का केला असावा, हे या एका प्रसंगातून मला जितके उमगते तितके टीकाग्रंथांतून उमगलेले नाही.

नभोवाणीच्या माणसाला हाच धडा निराळ्या वेशात गिरवावा लागतो. प्रमाण मराठी बोलणाऱ्या विद्वानाची मुलाखत सोपी असते. त्याची वाक्ये जशीच्या तशी घेता येतात. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारी वृद्धा समोर असली की तिचे बोलणे ‘सुधारून’ घेण्याचा किंवा निवेदकाने आपल्या शब्दांत सांगून टाकण्याचा मोह होतो, आणि तसे केले की साक्षीदाराला बाजूला सारून जामीनच साक्ष देऊ लागतो. पुणे केंद्रावर ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम करणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांना माणदेशी बोलीचे जे भान होते, ते त्यांच्या कथांनी जगजाहीर केलेलेच आहे. गोव्याच्या बाबतीत तर भाषेची ही निवडच लढ्याचा भाग झाली. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत, सहा वर्षे, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या अरण्यातून गुप्त नभोवाणी चालवली, ती कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून. राज्यकर्त्यांची भाषा त्यांनी टाळली नाही, कारण त्यांचा दावा राज्यकर्त्यांच्याही कानी पडायला हवा होता. आणि लोकांची भाषा त्यांनी दुय्यम मानली नाही, कारण ज्याच्या नावाने लढा द्यायचा त्याला तो त्याच्याच बोलीत समजायला हवा. दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ऐकणाऱ्या श्रोत्याला आपल्या ऐकण्याची किंमत ठाऊक असते. अशा श्रोत्याशी खोटे बोलणे हा विश्वासघाताचा अत्यंत निर्दय प्रकार होय. आणि विचार केला तर कोणता श्रोता त्याच्यासारखा निरुपाय नसतो? ऐकताना प्रतिप्रश्न करण्याची सोय कोणालाच नाही.

या विवेचनावर एक आक्षेप रास्त आहे. ध्वनिमुद्रण आज फुकटासारखे झाले आहे, काहीही पुसावे लागत नाही, कोणताही कार्यक्रम हवा तेव्हा मागे नेऊन ऐकता येतो. मग क्षणिक शब्दाची ही नीती कालबाह्य झाली नाही काय? माझे उत्तर असे, की साठा वाढल्याने हमीची गरज कमी होत नाही, उलट वाढते, कारण साठ्यातला प्रत्येक शब्द कोणी, कोणत्या माहितीवर आणि कोणत्या हेतूने उच्चारला, हे ठरवण्याचे ओझे आता श्रोत्याच्या माथी येते. त्यातच यंत्राने घडवलेला आवाज बातम्याही वाचू लागला आहे आणि कविताही. त्याला कंठ नाही, म्हणून खोकला नाही. मत नाही, म्हणून पक्षपात नाही, असे त्याचे कौतुक होते. मीमांसकाच्या अपौरुषेयत्वाचाच हा अनपेक्षित अवतार म्हटला पाहिजे: वक्ता नाही, सबब दोष नाही. परंतु मीमांसकाने ही सनद अनादी मानलेल्या एकाच वाङ्मयाला दिली होती, लौकिक वाक्याला नव्हे. लौकिक वाक्याचे प्रामाण्य वक्त्यावर अवलंबून असते, हे त्यालाही मान्य होते. वक्त्याशिवायचे लौकिक वाक्य खरे निघाले तर त्याचे श्रेय आणि खोटे निघाले तर त्याची फिर्याद, दोन्ही बेवारस राहतात.

तेव्हा शब्दाच्या नित्यत्वाविषयी मी नैयायिकाच्या पक्षाचा आहे, आणि तो पक्ष उदास करणारा आहे असे मला वाटत नाही. नभोवाणीवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मागे किती फिती उरल्या, यावरून त्याचे मोल करणे म्हणजे त्याला लेखकाच्या मापाने मोजणे होय, आणि त्या मापाने तो नेहमीच तोकडा ठरेल. त्याने ज्या पुस्तकाची ग्वाही दिली ते वाचून श्रोत्याला फसल्यासारखे वाटले नाही, ज्या बोलीचा नमुना त्याने ऐकवला ती बोलणाऱ्यांनी तो आपलाच म्हणून ओळखला, ज्या विद्वानाचे म्हणणे त्याने बारा मिनिटांत बसवले त्या विद्वानाने ते नाकारले नाही, एवढ्या तीन गोष्टी त्याच्या खात्यावर असल्या तर त्याची सेवा सार्थ झाली. यांतली एकही गोष्ट कोठे लिहिलेली सापडणार नाही, आणि तेही न्यायाला धरूनच आहे. कचेरीच्या दप्तरात नोंद होते ती बुडालेल्या जामीनकीची. ज्याच्या हमीवर व्यवहार पुरा झाला आणि ज्याच्याकडे कोणालाही तगादा लावावा लागला नाही, त्या जामिनाचे नाव कोणत्याही कैफियतीत येत नाही.